तिसरी खुर्ची

नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, असं आपल्याकडे सगळेच सांगतात आणि पहिली संधी मिळताच सगळेच पडतात. मी तर ते पडणं रीतसर शिकले. दीड वर्षभर, एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, ओतूरच्या पेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मानसशास्त्रात एम.ए. करून, पुण्यात थोडी उमेदवारी करून मी लग्नानंतर जुन्नरला आले होते आणि मंचरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसत होते. झोप न लागणारे, छातीत धडधडणारे, परीक्षेच्या धास्तीने जेवण सोडलेली मुलं, असे लोक यायचे. एकेकट्या माणसाशी बोलायला मला जमत होतं. पण झोप न लागणाऱ्या बाईला जरा खोदून विचारलं की आतून नवरा निघायचा. त्याला बोलावून घेतलं आणि दोघं एकदम समोर बसले की माझी बोबडी वळायची. दोघांचं एकाच वेळी ऐकायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यामुळे जोडप्यांबरोबर काम कसं करायचं हे शिकवायला पुण्याच्या एक अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ बाई आमच्या भागात यायला तयार आहेत, हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरी न विचारताच नाव नोंदवून आले.

आम्ही सात जण होतो. त्यातले दोघे या गोष्टीत येतात. एक हायस्कूलचे मास्तर, सुट्ट्यांमध्ये समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले, पंचक्रोशीत कुणाचं काय बिनसलंय हे त्या घराच्या आधी त्यांना कळायचं. आणि दुसऱ्या सिस्टर, मनोरुग्णांच्या वॉर्डात आयुष्य काढून निवृत्त होऊन गावी आलेल्या. त्यांचा आवाज असा की कुजबुजल्या तरी खालच्या दुकानात ऐकू जायचं.

माडी होती दुकानाच्या शेठची. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले होते, शेठ मात्र आमच्यापेक्षा अस्सल ओतूरकर. त्यांनी जागा दिली आणि ठाणातलं जाड फुलाफुलांचं कापड काढून खोलीच्या मधोमध पडदाही टांगून दिला. पडद्याच्या एका बाजूला तीन खुर्च्या, नवऱ्याची, बायकोची आणि उपचार करणाऱ्याची. दुसऱ्या बाजूला सतरंजीवर आम्ही बाकीचे, कान टवकारून. पुण्या-मुंबईकडे म्हणे यासाठी एकीकडूनच दिसणारी काच असते. आमच्याकडे फुलाफुलांचा पडदा होता. "नवरा-बायको दोघं दुकानात आले की साडी कधी ठरत नाही," शेठ म्हणाले. "तुम्ही त्यांचं काय ठरवणार, ते मला बघायचंय."

बाई सडपातळ, सुती साडीतल्या, बोलायला कडक. पुण्याहून एसटीने यायच्या, आळेफाट्यावर गाडी बदलायच्या आणि आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता फळ्यावर तीन नियम लिहायच्या. निवाडा द्यायचा नाही. 'जमवून घ्या' म्हणायचं नाही. आणि एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा नाही, त्यांचं त्यांना बोलू द्यायचं. दर वेळी हेच तीन. मला वाटायचं, एवढं काय घोकायचंय त्यात?

मग पहिलं नाटक झालं. म्हणजे बाईंनी मास्तरांना नवरा केलं, सिस्टरना बायको केलं आणि एकाला उपचार करणारा करून बसवलं. भांडणाचं कारण होतं, नवरा बायकोला माहेरच्या जत्रेला पाठवत नाही. सिस्टरनी असा काही हंबरडा फोडला की पडद्यामागच्या आम्ही चारही जणांनी नियम-बियम गुंडाळून ठेवले. "जत्रेला पाठवायला काय होतंय?" एकजण ओरडला. "आधी तिनं सासूला विचारलं का ते बघा," दुसरी म्हणाली. मी, पुण्यात शिकलेली, पडद्यातून डोकं बाहेर काढून चक्क म्हणाले, "एक वर्ष हिनं जावं, एक वर्ष त्यानं न्यावं, मिटवून टाका!" पाच मिनिटांत पडदा बाजूला आणि आमची पक्की बैठक भरलेली. आरडाओरडा ऐकून शेठ वर आले आणि दारातूनच त्यांनीही निवाडा दिला.

आमच्याकडे बैठक ही काय चीज आहे, हे बाईंना ठाऊक नव्हतं. नवरा-बायकोचं विकोपाला गेलं की दोन्हीकडची वडीलधारी देवळात बसतात. एका बाजूच्या सतरंजीवर मुलाकडचे, समोरच्या सतरंजीवर मुलीकडचे, मधे लग्न जमवणारा मध्यस्थ, त्याची तर कंबख्तीच. बोलतात सगळे. बोलत नाहीत फक्त दोघं, ज्यांचं लग्न असतं ते. मुलाच्या वतीने बाप बोलतो, मुलीच्या वतीने भाऊ. समेट झाला तर चहा, नाही झाला तर काडीमोड. आम्ही सगळे त्या बैठका बघत मोठे झालो होतो. आमच्या रक्तातच निवाडा होता. बाईंनी त्या दिवशी डोक्याला हात लावला. पण हसल्याही, आणि मला त्या तेव्हापासून आवडायला लागल्या.

सहा-सात महिने आम्ही एकमेकांवरच सराव केला. काय दिवस होते ते! एसटीतून परत येताना माझं डोकं भणभणलेलं असायचं. शेजारच्या सीटवरच्या जोडप्याने एकमेकांना चणे कसे दिले, यावर मी मनात पानंच्या पानं विचार करायची. घरी नवरा आमच्या मुलीला सांगायचा, "आईला म्हणावं, भाजीत मीठ कमी आहे," आणि आई, म्हणजे मी, दोन हातांवर बसलेली असायची. पूर्वी मला हसू यायचं. आता मी मान तिरकी करून बघत राहायची. नवरा वैतागून म्हणायचा, "तू मला तपासू नकोस."

मग एका शनिवारी खरं जोडपं आलं. त्यांच्या ओळखीच्या खुणा मी इथे बदलल्या आहेत, बाकी सगळं घडलं तसंच आहे.

मास्तरांच्याच गावचं, लग्नाला तीन वर्षं झालेलं. त्याचा टेम्पो होता. संध्याकाळी शेतांवरून टोमॅटोच्या पेट्या भरायच्या, रात्रभर गाडी हाकून वाशीचा बाजार गाठायचा, सकाळी परतून दिवसभर झोपायचं. ती पहाटे उठून धारा काढणार, दिवसभर शेतात. तो जागा असायचा तेव्हा ती झोपलेली आणि ती जागी असायची तेव्हा तो. चार महिन्यांपूर्वी तिसऱ्या महिन्यात तिच्या पोटातलं गेलं. त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. आता तिचा भाऊ तिला न्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बैठक ठरली होती आणि दोन्हीकडच्यांनी काडीमोडीची तयारी ठेवली होती. मास्तरांनी बऱ्याच विनवण्या करून एवढंच कबूल करून घेतलं होतं की आळ्याकडे माहेरी जाताना वाटेत ओतूरला एक तासभर दोघांनी थांबावं.

भाऊ तिची बॅग घेऊन खाली दुकानाच्या बाकावर बसला होता. तो वरही येईना आणि बॅगही खाली ठेवीना.

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. खरं सांगते, आतून मी उड्या मारत होते. या क्षणासाठीच तर मी शिकत होते! आधी मी दोघांना सांगितलं की पडद्यामागे आमचे शिकणारे लोक आहेत, ते ऐकतील, चालेल का? तो म्हणाला, "ऐकू द्या. गाव ऐकतंयच की रोज." तिने नुसती मान हलवली.

मी शिकल्याप्रमाणे खुर्च्या एकमेकांकडे थोड्या वळवल्या. दोघांनी त्या लगेच माझ्याकडे वळवून घेतल्या. मी विचारलं, "एकमेकांना काय सांगावंसं वाटतं?"

"ताई, ह्यांना इचारा, मला नांदवायचंय का न्हाई," ती म्हणाली.

"तुम्हीच विचारा ना त्यांना."

तिने मान खाली घातली. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला सांगा, नांदवायचं नसतं तर हितं कशाला आलो असतो?"

"तुम्हीच सांगा."

मी निरोप पोचवत नव्हते, नियम पाळत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत दोघं मिटत चालले होते. डोहात दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं माझं झालं. घड्याळ पुढे जात होतं. खाली भाऊ खाकरल्याचा आवाज आला. बाईंचे नियम बरोबर आहेत आणि हे लोकही बरोबर आहेत, मग मधे मी काय करू?

तेवढ्यात पडद्यामागून मास्तर! त्यांचंच गाव, त्यांचाच विद्यार्थी, किती वेळ धरून ठेवणार? "आरं बोल की तोंडानं! हे काय, नुसतं टेम्पोतच सुटतंय व्हय तोंड तुझं?" आणि त्याच्यावर सिस्टरची कुजबुज, जी सगळ्या पेठेने ऐकली असेल, "अहो मास्तर, गप बसा, पोरगी रडायच्या बेताला आलीय!"

माझं टाळकंच फिरलं. एवढे महिने शिकून पुन्हा बैठक? "एक मिनिट हं," मी दोघांना म्हणाले, पर्स खुर्चीतच टाकली आणि तरातरा पडद्यामागे गेले. मास्तरांना चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, तोच बाईंनी माझं मनगट पकडलं. घट्ट. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

पलीकडून तिचा आवाज येत होता.

"ताई, ह्यांना सांगा, मी दवाखान्यात व्हते तवा हे एकदाबी आत आले न्हाईत."

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. ती माझ्या खुर्चीकडे बघून बोलत होती. खुर्चीत माझी तपकिरी पर्स होती. मी आत गेलेय हे तिने बघितलं होतं, मी ऐकतेय हेही तिला ठाऊक होतं. पण समोर उलट विचारणारं कुणी नव्हतं आणि 'तुम्हीच सांगा' म्हणणारंही कुणी नव्हतं.

सिस्टरनी पदर तोंडात कोंबला होता. मग तो बोलला, तोही पर्सशीच.

"ताई, हिला सांगा, मी वाशीवरनं तसाच दवाखान्यात आलो व्हतो. दुपारपस्तोर फाटकाशी उभा व्हतो. आत आई, मावशी, सगळ्या बाया खाटंभवती. मी कसा जाऊ? काय म्हनून जाऊ?"

"मला काय ठावं, फाटकात कोन उभं हाय."

"म्हनून तर हॉर्न वाजीवला. दोनदा वाजीवला."

त्याच्या टेम्पोचा हॉर्न सगळ्या गावाला माहीत होता. सुरुवात बरी व्हायची आणि शेवटी बोकड खोकल्यासारखा आवाज यायचा. ती मान खाली घालून बसली होती, तिने मान वर केली.

"ऐकला मी," ती म्हणाली.

"ऐकला? मंग खिडकीत का न्हाई आली? मी खिडकीकडंच बघत व्हतो. म्हनलं, तोंड तरी दिसंल. तू आली न्हाई. मला वाटलं, तुला माझं तोंड बघायचं न्हाई."

"मला वाटलं, तुमी आईंना न्यायला आलाय. घाई करताय. गाडी भरायची आसंल, म्हनून हॉर्न मारताय." तिचा आवाज फाटला. "माझं पोटातलं गेलंय, आन् ह्यांना टोमॅटोची घाई, आसं वाटलं मला."

"आगं, त्या दिशी मी गाडीच न्हाई भरली."

"मंग सांगायचं की!"

"कुनाला सांगू? कवा? घरात कवा सापडतीस तू?"

आता पर्सकडे कुणी बघत नव्हतं. ती रडत होती, मोठ्याने, आणि तोही रडत होता, बाया बघत नाहीत अशा ठिकाणी पुरुष रडतात तसा. पडद्यामागे मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायला घेतला होता. मला हुंदका येत होता आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटत होतं. बाईंनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

अर्ध्या तासाने मी पर्स घ्यायला म्हणून गेले. ती म्हणाली, "ताई, आमी निघतो." तो म्हणाला, "मेव्हन्याला आळ्याला मीच सोडतो." बाकी मला कुणी काही विचारलं नाही, सल्ला मागितला नाही.

आम्ही सगळे खिडकीला लटकलो. नियमात हे बसत नव्हतं, पण बाई सगळ्यात पुढे होत्या. खाली त्याने टेम्पोचं केबिनचं दार उघडलं. त्यांच्याकडे पुढच्या सीटवर सासरे नाहीतर सासू बसायची, ती कायम मागे, पेट्यांच्या जागेत. तिने क्षणभर मागे बघितलं, मग पुढे चढली. भाऊ बॅग छातीशी धरून मागे बसला, हे काय चाललंय असा चेहरा करून. शेठ दुकानाच्या पायरीवरून वर आमच्याकडे बघून ओरडले, "ठरली का हो साडी?"

त्या दिवशी बाईंची परतीची एसटी चुकली आणि त्यांना काही वाटलं नाही. शेठच्या घरून चहाची किटली तीनदा वर आली. आम्ही सगळे एकदम बोलत होतो. बाई म्हणाल्या, "वीस वर्षं मी शिकवतेय की खोली सोडायची नाही. आणि ही पोरगी रागावून खोली सोडून गेली. त्यानं असंही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं, आणि मला फार आनंद झालाय." शिकवणारं माणूस असं म्हणू शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मास्तर मात्र अजून म्हणत होते की सगळं श्रेय त्यांच्या ओरडण्याचं आहे. तसं बघितलं तर होतंही.

अर्थात लगेच त्याचं औषध करायला निघालो आम्ही. पुढच्या जोडप्याच्या वेळी सिस्टर ठरवून उठल्या, खुर्चीत पर्स ठेवली आणि पडद्यामागे येऊन बसल्या. पलीकडे चिडीचूप. दहा मिनिटांनी पडदा सरकला आणि नवरा-बायको दोघंही आत डोकावले. "बाई, कुठं गेला? पर्स र्‍हायली न्हवं तुमची!" अशी प्रामाणिक माणसं. बाईंना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. मग आम्ही हळूहळू शिकलो, केव्हा बसायचं, केव्हा नजर खाली घालायची, केव्हा खिडकी उघडायच्या निमित्ताने पाठ फिरवायची. दोन हजार सालानंतर मी स्वतः शिकवायला लागले, तेव्हा बाईंचे तिन्ही नियम फळ्यावर लिहायची, पण तिसऱ्या नियमावर एक अख्खा शनिवार घालवायची. निरोप पोचवायचा नाही, हे खरंच. पण आमच्याकडे माणसं आधी निरोप बोलायला शिकतात आणि मग एकमेकांशी. तो निरोप ठेवायला कुठेतरी जागा लागते.

पण त्या बैठकीचं काय झालं, ते राहिलंच. आम्हाला ते दोन आठवड्यांनी कळलं. मधले चौदा दिवस मी मंचरच्या दवाखान्यात बसून लोकांचं ऐकत होते आणि मनात एकच, काडीमोड झाली की नाही? आळ्याला जाऊन माहेरच्यांनी तिचं मन फिरवलं असेल का? त्याच्या आईने त्याचं? तासाभराच्या रडण्याने तीन वर्षं पुसली जातात का? त्या शनिवारी मी पहिल्या गाडीने ओतूरला गेले. मास्तर उशिरा आले आणि मुद्दाम चप्पल सावकाश काढत राहिले. "मास्तर, सांगता का आता?" सिस्टर गरजल्या.

मास्तर स्वतः बैठकीला होते. ते म्हणाले, देवळात दोन्ही सतरंज्या भरल्या. मुलाकडचे इकडे, मुलीकडचे तिकडे. रीतीप्रमाणे ती मागे भिंतीला, बायांमध्ये. मध्यस्थाने घसा खाकरून सुरुवात केली. मुलाच्या बापाने म्हणणं मांडलं, की सून चार महिने तोंड उघडत नाही, अशी सून आम्ही ठेवावी कशी? मग मध्यस्थाने तिच्या भावाला विचारलं, "बोला पावणं, तुमच्या बहिणीचं म्हननं काय हाय?"

भाऊ उभा राहिला. आदल्या दिवशी टेम्पोच्या मागे बसून आला होता तो. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि मागे वळून बहिणीकडे बघितलं. सगळं देऊळ मागे वळलं.

ती भिंतीपाशी उभी राहिली. पदर सारखा केला.

"माझं जे काय म्हननं व्हतं," ती म्हणाली, "ते मी ह्यांना सांगितलंय."

मास्तर म्हणाले, एवढी माणसं जमलेली, आणि विचारायला काही उरलंच नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, चहा ठेवा.